लिंडले मरे

इंग्रजी व्याकरणांतील ‘पार्टिसिपल’ हें प्रकरण आमच्या विद्यार्थ्यांस नेहमींच अवघड वाटतें. ज्या सत्पुरुषानें हें शास्त्र असंख्य मुलांस सुलभ करून दिलें, त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

लिंडले मरे यांचा जन्म इ. स. १७४५ मध्यें अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया प्रांतांत एका क्वेकर कुटुंबांत झाला. वडील मोठे व्यापारी होते; परंतु मुलाचा ओढा विद्येकडे. ते न्यूयॉर्क येथें वकील झाले, व पुढें व्यापारांतही त्यांनीं पुष्कळ द्रव्य मिळविलें. इतक्यांत स्नायूंच्या दुर्बलतेनें त्यांस गांठलें. हवापालटासाठीं १७८४ सालीं ते पत्नीसह इंग्लंडास गेले आणि यॉर्क शहराजवळ होल्गेट येथें राहिले. पण हळूहळू त्यांचें चालणेंही बंद झालें.

तेथील क्वेकर मुलींच्या शाळेंतील शिक्षिकांनीं त्यांस सोपें व्याकरण लिहून देण्याची विनंति केली. त्या पंगु पुरुषानें घरांत बसूनच तें काम तडीस नेलें. १७९५ सालीं त्यांचें व्याकरण प्रसिद्ध झालें. १७९७ सालीं अशुद्ध वाक्यें देऊन तीं मुलांकडून शुद्ध करविणारें अभ्यासाचें पुस्तकही निघालें. या पुस्तकांच्या लाखों प्रती खपल्या.

मरे यांनीं पार्टिसिपल ही निराळी शब्दजाति मानिली नाहीं. तें क्रियापदाचेंच रूप. पण त्यांत विशेषणाचाही गुण असतो. मुलांनो, हें वर्म ध्यानांत ठेवा. विशेषणास विशेष्य हवेंच. ‘वॉकिंग टु स्कूल, द रेन फेल’ असें लिहिलें, तर शाळेस चालत जाणारा पाऊसच ठरतो! ‘घरीं येऊन दिवा विझला’ हें मराठी वाक्य आपल्या कानास तत्काळ खटकतें. ‘घरीं येऊन मीं दिवा विझविला’ हें खटकत नाहीं. कारण येणारा व विझविणारा एकच आहे. हीच कसोटी इंग्रजीस लावावी. ‘वॉकिंग टु स्कूल, वुई वेअर कॉट इन द रेन’ येथें चालणारे आपणच, म्हणून वाक्य शुद्ध.

पुस्तकांपासून झालेली प्राप्ति मरे यांनीं परोपकारार्थ वेंचली. आयुष्याचीं शेवटचीं सुमारें सोळा वर्षें ते घराबाहेर पडले नाहींत. १८२६ सालीं ते प्रभूच्या विसाव्यांत गेले. पाय थकले असतांही ज्यानें हात थांबविला नाहीं, त्याचें उदाहरण आमच्या धडधाकट मुलामुलींनीं नित्य डोळ्यांपुढें ठेवावें.