ऑस्कर बर्नाक : दोन प्रतिमा जुळवणारा माणूस

छोट्या कॅमेऱ्याचे जनक ऑस्कर बर्नाक १ नोव्हेंबर १८७९ रोजी जर्मनीतल्या लिनो या खेड्यात जन्मले. यंत्रकामाची उमेदवारी करून पुढे ते येना इथल्या झाइस कंपनीत लागले. फोटोंचं वेड होतं, पण जोडीला दमाही होता. तेव्हा फोटो काढायला जायचं म्हणजे मोठा कॅमेरा, तिवई आणि काचेच्या प्लेटा वाहून न्यायच्या. बर्नाकना धाप लागायची. निगेटिव्ह लहान घ्यावी आणि फोटो नंतर मोठा करावा, हा विचार त्या धापेतून आला.

१९११ मध्ये ते वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत आले. १९१४ पर्यंत त्यांनी सिनेमाची फिल्म आडवी चालवून २४ × ३६ मिलिमीटरची निगेटिव्ह देणारा, खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. मध्येच महायुद्ध आलं आणि काम थांबलं. अखेर १९२४ मध्ये मालक एर्न्स्ट लाइट्झ यांनी जोखीम घेतली, आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या प्रदर्शनात ‘लायका’ लोकांसमोर आला.

एक अडचण मात्र उरलीच होती. अंतर अंदाजाने लावायचं, नाहीतर वेगळ्या अंतरमापकावर आकडा वाचून तो लेन्सवर लावायचा. लांबच्या दृश्याला हे चालून जायचं. ५० मिलिमीटरची लेन्स ३.५ छिद्रावर पाच मीटरवर रोखली, तर सुमारे दोन मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. एक मीटरवर तोच पट्टा जेमतेम आठ सेंटीमीटर! अंदाज वीतभर चुकला, की चेहरा पुसट आणि मागची भिंत स्पष्ट.

बर्नाकनी १९३२ च्या ‘लायका दोन’मध्ये अंतरमापक लेन्सलाच जोडला. कॅमेऱ्याला दोन खिडक्या. त्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवली की आतला दांडा हलतो, प्रतिमा सरकतात. त्या एक झाल्या, की फोकस बरोबर. अनंतापासून एक मीटरपर्यंत लेन्स पुढे येते ती फक्त अडीच मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा हालचालीवर सगळी भिस्त, म्हणून दांडा आणि लेन्सची बैठक अगदी काटेकोर लागायची.

जवळून फोटो काढताना लेन्स सारखी फिरवत बसू नये. ती एक मीटरवर ठेवावी आणि आपणच किंचित पुढेमागे व्हावं. डोळ्याच्या दोन प्रतिमा जुळल्या की लगेच बटण दाबावं. आपल्या सुरतेत महिधरपुऱ्यात हिरा पारखणारे हेच तर करतात! भिंग डोळ्याशी स्थिर, आणि हिरा केसभर पुढेमागे. फक्त हे लक्षात ठेवायचं, की दर्शक आणि लेन्स यांच्या जागा वेगळ्या. जवळून चौकट थोडी सरकते. आणि एक मीटरच्या आत हा अंतरमापक कामाचा नाही, तिथे वेगळं साधन लागतं.

१६ जानेवारी १९३६ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी बर्नाक बाड नाउहाइममध्ये वारले. जड ओझं उचलणं ज्यांना जमत नव्हतं, त्यांनी जगाच्या छायाचित्रकारांचं ओझं हलकं केलं. आज कुणी जुना रेंजफाइंडर डोळ्याला लावून दोन प्रतिमा एक करतो, तेव्हा त्यांचंच काम वापरत असतो.