सावित्रीमाईंचा दवाखाना
सावित्रीमाईंची शाळा आपण दरवर्षी सांगतो, दवाखाना मात्र विसरतो. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावात जन्मलेल्या माईंनी १८७६-७७ च्या दुष्काळात जोतीरावांसोबत उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. आजाऱ्याजवळ जायला कुणी धजेना. तेव्हा माईंनी डॉक्टर मुलगा यशवंत यांच्यासह हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आम्ही अहमदपूर भागात काम करतो. इथली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. नाव गावच्या यादीत आणि माणूस परजिल्ह्यातल्या कोपीवर. म्हणून गरोदर बाईची तपासणी राहते, लेकराची लस चुकते. देश सोडून आलेल्या निर्वासिताचेही हेच दुखणे: कागद नाही, तर उपचार नाही. माईंनी कागद पाहिला नाही, माणूस उचलला.

तरुणांनो, गाड्या निघण्याआधी वस्तीतल्या गरोदर बायांची आणि लहान लेकरांची यादी करा. लसीकरणाचे कार्ड सोबत द्या. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. माईंना हेच खरे अभिवादन. जय भीम!