विश्लेषण : जुन्या मोटारसायकलवर ४७ वर्षे राबणारे बर्ट मन्रो कोण होते?

चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या गावांत फिरताना गोठ्याच्या कुडाला टेकलेली एखादी राजदूत किंवा येझदी हमखास दिसते. टाकी गंजलेली, सीट उंदरांनी कुरतडलेली, टायर मातीत रुतलेले. घरातल्या नातवाला ती बाहेर काढून नव्या रूपात उभी करायची हौस येते आणि पहिल्याच आठवड्यात गाडे अडते. सुटे भाग मिळत नाहीत. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखानाच १९९६ मध्ये बंद पडला. जगाच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडमध्ये एका माणसापुढे नेमका हाच पेच होता. त्याने तो कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे.

मन्रो कोण होते?

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म १८९९ चा, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिल भागातल्या शेतकरी कुटुंबातला. जुळी बहीण जन्मतःच दगावली. हा मुलगाही दोन वर्षांपलीकडे जगणार नाही, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगून ठेवले होते. तो ७८ वर्षे जगला. घरचे त्याला बर्ट म्हणत.

१९२० मध्ये त्यांनी ‘इंडियन स्काउट’ ही अमेरिकी मोटारसायकल घेतली. (इथल्या वाचकांची गल्लत होऊ नये म्हणून : ‘इंडियन’ हे कंपनीचे नाव. मन्रो यांच्यावरच्या २००५ च्या गाजलेल्या चित्रपटाच्या नावातला ‘इंडियन’ही हीच गाडी, भारतीय माणूस नव्हे.) इंजिन ६०० सीसीचे, कमाल वेग ताशी सुमारे ८८ किमी. काही वर्षांतच मन्रो यांनी ती उघडली आणि पुढे आयुष्यभर ती उघडतच राहिले.

सुटे भाग कुठून आणले?

आणले नाहीत, बनवले. पैसे नव्हते आणि १९५३ मध्ये ‘इंडियन’चा मूळ कारखानाही थांबला. मन्रो दिवसा मोटारसायकली विकत, दुरुस्त करत आणि रात्र रात्र स्वतःच्या गाडीवर काम करत. जुने ॲल्युमिनियम वितळवून ते रिकाम्या डब्यांच्या साच्यात पिस्टन ओतत. सिलिंडरसाठी ओतीव लोखंडाचे जुने नळ वापरले. कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनचा जोर क्रँकपर्यंत नेणारा दांडा. तो त्यांनी भंगारातल्या कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून हाताने घडवला. मापे घ्यायला मायक्रोमीटर नव्हता, तर चाकाच्या जुन्या स्पोकवर भागवले. मूळ इंजिनात दोन कॅम होते, यांनी चारची रचना आखली आणि व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर नेले. इंजिन श्वास मोकळा घेईल, तितके इंधन जास्त जाळेल, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. होता होता इंजिन ९५० सीसीपर्यंत वाढले.

हे सगळे चित्रपटात गोड वाटते. प्रत्यक्षात इंजिन वारंवार फुटत असे. महिनोन् महिने घडवलेला दांडा एका धावेत तुटायचा. तुटलेले भाग मन्रो फेकत नसत. ते एका फळीवर मांडून ठेवलेले असत आणि वेगाच्या देवाला वाहिलेला तो नैवेद्य आहे, अशी त्यांची थट्टा होती. घराने मात्र या वेडाची किंमत मोजली. चार मुले असलेला संसार चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस मोडला. मन्रो यांनी नोकरीही सोडली आणि ते गॅरेजमध्येच राहू लागले. चिकाटीचे गोडवे गाताना ही बाजू सहसा वगळली जाते.

विक्रम कधी झाला?

सरावाला जवळचा ओरेटीचा समुद्रकिनारा होता. पण खरा वेग मोजायचा तर अमेरिकेतले युटा राज्यातले बॉनव्हिलचे मिठाचे सपाट मैदान गाठायला हवे. मन्रो मालवाहू जहाजाने गेले. तिकडे जुनी मोटार विकत घ्यायची आणि तिला गाडी जोडून मैदानापर्यंत ओढत न्यायची, अशी त्यांची पद्धत. १९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी ८८३ सीसीपर्यंतच्या गटात ताशी २८८ किमीचा विक्रम केला.

धोका खराच होता. हवा कापण्यासाठी बसवलेल्या कवचात पालथे पडून चालवायची ही गाडी वेगात डुलू लागे. एका धावेत तोल सावरायला ते किंचित उठले, तर वाऱ्याने गॉगलच उडवला. काही दिसेना, खुणेचा लोखंडी खांब थोडक्यात चुकला आणि अखेर गाडी आडवी करून थांबवावी लागली. त्यात हृदयविकार जडलेला. तरीही ते जात राहिले.

२६ ऑगस्ट १९६७ रोजी, ६८ व्या वर्षी, त्यांनी १००० सीसीखालच्या गटात ताशी १८३.५८६ मैलांचा, म्हणजे सुमारे २९५ किमीचा विक्रम नोंदवला. (पुढे १५ वर्षांनी याच तारखेला गडचिरोली जिल्हा जन्मला, हा निव्वळ योगायोग.) पात्रता फेरीतल्या एका धावेत तर गाडीने ३०५ किमीचा टप्पा ओलांडला होता.

६ जानेवारी १९७८ रोजी मन्रो गेले. २०१४ मध्ये मुलगा जॉन याच्या लक्षात आले की दोन धावांची सरासरी काढताना चूक झाली होती. मृत्यूनंतर ३६ वर्षांनी आकडा दुरुस्त झाला : १८४.०८७ मैल, सुमारे २९६ किमी. त्यांची यंत्रे इन्व्हरकार्गिलच्या एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे-पान्यांच्या सोबतीने मांडलेली आहेत.

आपल्याकडे असा बदल चालतो का?

मन्रो यांची गाडी रस्त्यावर धावत नव्हती, हे आधी लक्षात घ्यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. तसा केल्यास कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ५० वर्षांहून जुन्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपयांत. मात्र ती रोजच्या वापरासाठी नाही आणि तिचे मूळ रूप टिकलेले असावे लागते. मन्रो यांची स्काउट विक्रमाच्या वेळी ४७ वर्षांची होती आणि तिच्यात मूळचे फारसे उरले नव्हते, म्हणजे ती दोन्ही अटींवर नापास झाली असती. तेव्हा गोठ्यातली राजदूत उघडण्याआधी आजोबांच्या पेटीतले आरसी बुक शोधावे, चेसिस आणि इंजिनचा क्रमांक ताडून पाहावा आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग, गंजका असला तरी, जपून ठेवावा.