अभियांत्रिकीकडे परतलेले भाभा

होमी भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले ते यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी. मुलाने परतून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही वडिलांची इच्छा. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले. अखेर वडिलांनी अट घातली : आधी अभियांत्रिकीत प्रथम वर्ग, मग हवा तो विषय. १९३० मध्ये ती पुरी करून भाभा गणिताकडे व पुढे वैश्विक किरणांकडे वळले.

ज्या विद्येतून त्यांनी सुटका करून घेतली, तिचीच गरज त्यांना पुढे भासली. ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. पण पुढच्या भट्ट्या उभारणार कोण? नुसता भौतिकशास्त्राचा पदवीधर त्या कामाला अपुरा होता, आणि नुसता अभियंताही. १९५७ मध्ये भाभांनी ट्रॉम्बेतच प्रशिक्षण शाळा काढली. स्वतः परदेशात शिकलेल्या माणसाचा हा निर्णय लक्षणीयच. तेथे ताजे पदवीधर वर्षभर अणुविज्ञान व अणुभट्टीचे तंत्र शिकत आणि थेट कामाला लागत.

२४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समध्ये विमान कोसळून भाभा गेले, वयाच्या ५६व्या वर्षी. ट्रॉम्बेच्या शाळेत तेव्हा त्या वर्षीची तुकडी शिकत होती.