अब्दुल हलीम शरर : दूरचा इतिहास आणि जवळचे लखनौ

उर्दूतील ऐतिहासिक कादंबरीचे जनकत्व अब्दुल हलीम शरर (१८६०-१९२६) यांच्याकडे दिले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र या ठरीव उल्लेखामागे त्यांच्या वाङ्मयीन जीवनातील एक विसंगती झाकली जाते. पॅलेस्टाइन, स्पेन, इराण अशा दूरच्या भूमीवर, कित्येक शतके मागे जाऊन कथानके रचणाऱ्या या लेखकाने एका दरबाराचा अस्त अगदी जवळून पाहिला होता. त्या अस्ताचे चित्र उतरले ते कादंबरीत नव्हे, तर मासिकातील एका लेखमालेत. शररांच्या वाङ्मयाचे मूल्यमापन करताना या गोष्टीचा विचार टाळता येत नाही.

शररांचा जन्म लखनौचा. त्यांच्या जन्मापूर्वी चारच वर्षे, १८५६ साली, इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले होते आणि पदच्युत वाजिद अली शाह कलकत्त्यास गेला होता. हुगळीच्या काठी मटियाबुर्ज येथे, वार्षिक बारा लाख रुपयांच्या तनख्यावर, त्याने आपल्या गेलेल्या राजधानीची प्रतिकृती उभारली. कोठ्या, बागा, इमामबाडा, प्राणिसंग्रह हे तर होतेच. त्यांच्याभोवती लखनौहून आलेले गवई, बावर्ची, कारागीर, पतंगबाज आणि दुकानदार यांची वस्ती वाढली. भाषा, पोशाख, अदब, सारे लखनवी. शररांचे वडील हकीम तफज्जुल हुसेन तेथेच होते. नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे गेला तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत तेथेच राहिला. अरबी, फारसी, थोडीफार इंग्रजी हे शिक्षण आणि राजपुत्रांचा सहवास, दोन्ही त्याला तेथेच लाभले. ज्या लखनौच्या आठवणी पुढे शररांनी लिहिल्या, त्यातील कितीतरी भाग त्यांनी लखनौत नव्हे, तर कलकत्त्याजवळच्या या नकलेत पाहिलेला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

मटियाबुर्ज सोडल्यावर ते लखनौस परतले. दिल्लीस जाऊन मौलवी नझीर हुसेन यांच्याकडे त्यांनी हदीसचे अध्ययन केले. उपजीविकेसाठी मात्र पत्रकारिता पत्करली. मुन्शी नवलकिशोर यांच्या 'अवध अखबार'मध्ये १८८० नंतरची काही वर्षे ते होते. याच पत्रातून थोडे आधी रतननाथ सरशार यांचे 'फसाना-ए-आझाद' क्रमशः प्रसिद्ध झाले होते. हप्त्याहप्त्याने कथा वाचणारा वाचकवर्ग त्यामुळे तयारच होता. 'दिलचस्प' ही सामाजिक कादंबरी आणि इंग्रजीवरून केलेला बंकिमचंद्रांच्या 'दुर्गेशनंदिनी'चा अनुवाद हे शररांचे आरंभीचे प्रयत्न होत. १८८७ साली त्यांनी 'दिलगुदाज' हे मासिक काढले. ते अनेकदा बंद पडले, मालकाबरोबर गावोगाव फिरले, पण शररांच्या हयातीत संपले नाही. त्यांचे बहुतेक महत्त्वाचे लेखन प्रथम या मासिकाच्या पानांवर आले.

वॉल्टर स्कॉटची 'टॅलिस्मन' शररांनी एका रेल्वेप्रवासात वाचली आणि तीतील इस्लामच्या चित्रणाने ते व्यथित झाले, असे सांगितले जाते. त्याचे उत्तर म्हणून १८८८ मध्ये 'मलिकुल अझीझ वर्जिना' अवतरली. क्रूसेडची तीच पार्श्वभूमी. नायक सलाउद्दीनचा पुत्र, नायिका इंग्लंडच्या राजघराण्यातील. स्कॉटचेच तंत्र स्कॉटविरुद्ध वापरण्याची ही कल्पना वाचकांना अतिशय भावली. त्यापाठोपाठ 'हसन अँजेलिना', 'मन्सूर मोहना' आणि मुस्लिम स्पेनवरील 'फ्लोरा फ्लोरिंडा' आल्या. १८५७ नंतर मानहानीची जाणीव बाळगून जगणाऱ्या एका वर्गाला या पराक्रमी पूर्वजांनी दिलासा दिला. कलादृष्ट्या मात्र या कादंबऱ्यांची किंमत बेताचीच आहे. शूर मुस्लिम नायक, त्याच्यावर अनुरक्त होणारी अन्यधर्मीय सुंदरी आणि कपटी शत्रू हा साचा पुनःपुन्हा येतो. क्रूसेडचे सरदारही लखनौच्या बैठकीत बसल्यासारखे बोलतात. महिन्याचा हप्ता वेळेवर देण्याची घाई पानोपानी जाणवते.

मराठी अभ्यासकाला येथे हरिभाऊ आपटे आठवल्यावाचून राहत नाहीत. हरिभाऊ शररांहून चार वर्षांनी लहान. त्यांचेही लेखन नियतकालिकांतून, 'करमणूक'मधून, क्रमशः येत असे, आणि त्यांनीही इंग्रजी कादंबरीचा आधार घेतला. 'म्हैसूरचा वाघ' मेडोज टेलरवर आधारलेली आहे. पण हरिभाऊ लवकरच आपल्या मातीतील इतिहासाकडे, शिवकालाकडे वळले. तेथे विजयाची गाथा हाताशी होती. लखनौच्या लेखकाला घराजवळचा इतिहास सांगायचा म्हणजे पराभवच सांगावा लागला असता. दूरच्या भूमीकडे शररांची लेखणी वळली, त्याचे एक कारण येथे असावे.

१८९० नंतर हैदराबाद संस्थानाशी त्यांचा संबंध आला. तेथील अमीर विकारुल उमरा यांच्या पुत्राबरोबर ते इंग्लंडला गेले, फ्रेंच शिकले आणि १८९६ मध्ये परतले. हैदराबादेत त्यांचे बस्तान कायमचे बसले नाही. इमाम हुसेन यांची कन्या सकीना हिच्यावरील त्यांच्या लेखनाने तेथे वादळ उठले आणि त्यांना लखनौ गाठावे लागले.

१८९९ सालची 'फिर्दौस-ए-बरीं' ही त्यांची सर्वांत सरस कादंबरी. हिच्यात साचा मोडतो. हुसेन आणि झमुर्रद ही दोघे हजच्या वाटेवर निघालेली. डोंगरातील एका दरीत झमुर्रद नाहीशी होते आणि तिच्या ओढीने हुसेन आलमूतच्या बातिनी पंथाच्या जाळ्यात सापडतो. शेख अली वुजूदी हा गुरू त्याच्या बुद्धीचा एकेक दिवा मालवत जातो. शेवटी हुसेन आपल्या पूज्य चुलत्याचा खून करतो आणि बक्षीस म्हणून त्याला 'स्वर्ग' दाखविला जातो. तो स्वर्ग माणसांनीच रचलेला आहे. १२५६ मध्ये हुलागूच्या स्वारीत आलमूत पडले, त्या घटनेशी कथेचा शेवट जोडलेला आहे. येथे शत्रू परधर्मीय नाही. फसवणूक घरातली आहे आणि फसणाऱ्याची इच्छाच तिला हातभार लावते. वुजूदीसारखे पात्र शररांच्या अन्य कादंबऱ्यांत सापडत नाही. नदीकाठी उभारलेल्या एका कृत्रिम नंदनवनात ज्याचे बालपण गेले, त्याच्या हातून बनावट स्वर्गाचे चित्र इतके जिवंत उतरावे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. त्याच वर्षी, त्याच शहरातील मिर्झा रुसवा यांनी 'उमराव जान अदा'मध्ये लखनौला कादंबरीत आणले, हेही येथे नोंदविले पाहिजे.

शररांची वृत्ती वादप्रिय होती. पडद्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी नियतकालिक चालविले, 'बद्रुन्निसा की मुसीबत' लिहिली. हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी 'इत्तिहाद' काढले. उर्दूत निर्यमक काव्याचा पुरस्कारही त्यांनी केला. १९०५ मध्ये दयाशंकर नसीम यांच्या 'गुलझार-ए-नसीम'वरून चकबस्त यांच्याशी त्यांचा जो वाद झाला तो साहित्याच्या मर्यादेत राहिला नाही. त्यात शररांनी घेतलेली बाजू आज ग्राह्य वाटत नाही.

१९१३ च्या सुमारास 'दिलगुदाज'मधून लखनौवरील लेखमाला सुरू झाली. पौर्वात्य संस्कृतीचा हिंदुस्थानातील अखेरचा नमुना, असा तिच्या मूळ शीर्षकाचा आशय. पुढे ती 'गुझिश्ता लखनौ' या नावाने प्रसिद्धीस आली आणि १९७५ मध्ये इंग्रजीतही गेली. नवाबांच्या वंशावळीपासून आरंभ करून शरर हळूहळू दरबाराबाहेर पडतात. बटेरांच्या झुंजी, कबुतरबाजी, पतंग, दास्तानगोई, मर्सियाचे पठण, कथक, अंगरख्याची कापणी, दुपल्ली टोपी, हुक्का, पानदान, सलाम करण्याच्या रीती यांची ते बारकाईने नोंद करतात. बदामाचे तांदूळ आणि पिस्त्यांची डाळ कापून शिजविलेल्या खिचडीचे वर्णन करताना त्यांना बावर्च्याचे कौतुकही वाटते आणि त्या उधळपट्टीतील पोकळपणाही दिसतो. कादंबऱ्यांत ज्या अलंकारांनी ते दमछाक करतात, ते येथे गळून पडले आहेत. नायक नाही, खलनायक नाही. राज्य कोणी बुडविले याचा हिशेबही फारसा नाही. वस्तू, माणसे आणि त्यांचे कसब यांवर नजर खिळलेली आहे.

१९२६ च्या डिसेंबरात लखनौ येथे शररांचे निधन झाले. या लेखमालेतील मटियाबुर्जचे प्रकरण स्वतंत्रपणे वाचण्याजोगे आहे. वाजिद अली शाह १८८७ मध्ये वारला, म्हणजे 'दिलगुदाज' निघाले त्याच वर्षी. त्यानंतर ती वस्ती उठली, जनावरे आणि चीजवस्तू विकल्या गेल्या, माणसे पांगली. एरवी फुलोऱ्यात रमणारे शरर हे सारे साध्या, जवळजवळ कोरड्या गद्यात सांगतात.