प्लेगची लस काढणारे डॉ. हाफकिन

आज मी तुम्हांला एका शास्त्रज्ञाची माहिती सांगणार आहे. ते आपल्या देशाचे नव्हते, तरी आपल्या माणसांसाठी त्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला. त्यांचे नाव डॉ. वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या शहरात एका ज्यू घरात झाला. ओडेसा तेव्हा रशियाच्या राज्यात होते, आता ते युक्रेन देशात आहे. ते औषध देणारे डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्र शिकले होते. पुढे ते पॅरिसला गेले. तेथे लुई पाश्चर यांची मोठी संस्था होती. तिथे हाफकिन यांना आधी पुस्तके सांभाळायचे काम मिळाले. पण त्यांनी पुस्तके सांभाळता सांभाळता जंतूंचा अभ्यास केला आणि कॉलऱ्याची लस तयार केली. १८९२ साली ती लस त्यांनी पहिल्यांदा स्वतःला टोचली. १८९३ साली ते भारतात आले आणि गावोगाव फिरून हजारो लोकांना कॉलऱ्याची लस दिली.

१८९६ साली मुंबईत एक नवाच रोग आला. मांडवी भागात धान्याची गोदामे होती, तिथे उंदीर लई. आधी उंदीर मरून पडू लागले आणि मग माणसे पटापट मरू लागली. हा प्लेग आहे हे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबरात ओळखले. ते मूळचे गोव्याचे होते. प्लेग झाला की खूप ताप येतो आणि काखेत किंवा जांघेत गाठ येते. म्हणून आपल्याकडे त्याला गाठीचा ताप म्हणत. घाबरून लोक मुंबई सोडून पळाले. त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. आमची आजी सांगती, तिच्या आजीच्या वेळी घरात उंदीर पडला की सगळा गाव घरे सोडून रानात झोपड्या घालून राहायचा.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करायला छोटीशी जागा दिली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, बस्स. त्यांनी बोकडाच्या मटणाच्या पाण्यात प्लेगचे जंतू वाढवले. त्या पाण्यावर ते तुपाचे थेंब सोडत. थेंबाच्या खाली जंतू दोऱ्यासारखे लोंबत वाढत. मग जंतू तापवून मारायचे. मेलेले जंतू टोचले की रोग होत नाही, पण आपले अंग त्या रोगाशी लढायला शिकते. यालाच लस म्हणतात.

तीन महिने रात्रंदिवस काम करून लस तयार झाली. आधी ती सशांना टोचून पाहिली. पण माणसाला चालेल का, हे कोण सांगणार? १० जानेवारी १८९७ या दिवशी हाफकिन यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली, तीही मोठ्या मात्रेत. त्यांना ताप आला, अंग दुखले, पण ते काम करत राहिले. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग आला तेव्हा कैद्यांना लस दिली. ज्यांनी लस घेतली त्यांच्यात रोग पुष्कळ कमी झाला.

त्याच वर्षी पुण्यातही प्लेग होता. आपल्या सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून दवाखान्यात आणले. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या वारल्या. तेव्हा लस निघून दोनच महिने झाले होते. हे वाचून मला लई वाईट वाटले.

प्लेग उंदराकडून माणसाकडे कसा येतो, हे लस निघाली तेव्हा नक्की ठाऊक नव्हते. १८९८ साली पॉल लुई सिमाँ यांनी शोधले की उंदराच्या अंगावरील पिसवा रोग आणतात. उंदीर मेला की त्या थंड अंगावरून उडी मारतात आणि माणसाला चावतात. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे मुंबईतच शास्त्रज्ञांनी एक गमतीचा प्रयोग केला. काही गिनीपिग जमिनीवर ठेवले आणि काही पिंजऱ्यात उंच टांगले. पिसवांची उडी तितकी उंच जात नाही. म्हणून टांगलेले वाचले आणि खालच्यांना प्लेग झाला.

पण १९०२ साली मोठे संकट आले. पंजाबात मुल्कोवाल गावात लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सगळा दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केले. खरे म्हणजे ती १९ माणसे एकाच बाटलीची होती. दुसऱ्या बाटल्यांची लस घेतलेल्यांना काही झाले नाही. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. तरी पाच वर्षे कोणी ऐकले नाही. मग मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस आणि दुसरे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ साली ते निर्दोष ठरले आणि परत भारतात कामाला आले. मला वाटते, मी असतो तर रागाने आलोच नसतो. पण ते आले. म्हणून ते थोर.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले. तिथे साप चावल्यावर द्यायचे औषधही पुढे तयार झाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये हाफकिन वारले. १९६४ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता प्लेगवर औषधे आहेत. तरी १९९४ साली आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेग आला होता. म्हणून मित्रांनो, धान्य झाकून ठेवा, घराजवळ कचरा टाकू नका. उंदीर मरून पडलेले दिसले तर हात लावू नका, मोठ्यांना आणि आरोग्य केंद्रात सांगा. आणि लस द्यायला ताई आली की पळू नका.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझे कोटी कोटी प्रणाम.

— इयत्ता ४ थी