महात्मा जोतीराव फुले : शिकण्याची बंदी मोडणारा माणूस

११ एप्रिल किंवा २८ नोव्हेंबर आला की आपण शाळेत जोतीरावांच्या फोटोला हार घालतो, मुलं पाठ केलेलं भाषण म्हणतात आणि कार्यक्रम संपतो. पण जोतीरावांनी नेमकं काय मोडलं, हे मुलांना कळतं का? ते समजायला आज थोडं लांबून, थेट अमेरिकेतून सुरुवात करूया.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसांना गुलाम म्हणून ठेवत. नॉर्थ कॅरोलिना राज्याने १८३० साली कायदाच केला की गुलामाला वाचायला-लिहायला शिकवायचं नाही. गोऱ्या माणसाने शिकवलं तर त्याला १०० ते २०० डॉलर दंड किंवा तुरुंगवास. एका गुलामाने दुसऱ्या गुलामाला शिकवलं तर पाठीवर ३९ फटके. राहण्याचंही तसंच. व्हर्जिनियात १८०६ च्या कायद्याने मुक्त झालेल्या गुलामाला बारा महिन्यांच्या आत राज्य सोडून जावं लागे. म्हणजे सुटका मिळाली, पण घर गेलं.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे असा कायदा कुठल्या कागदावर शोधायला गेलात तर सहसा सापडणार नाही. इथे रूढीच कायदा होती. कोणी शिकायचं, कोणी नाही, कोणाचं घर गावात आणि कोणाचं वेशीबाहेर, हे जन्माबरोबरच ठरत होतं. कागदावरचा कायदा एका सहीने रद्द होतो. रूढी कशी रद्द करायची? जोतीरावांचं सगळं आयुष्य याच प्रश्नाचं उत्तर आहे.

बालपण आणि शिक्षण

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. वडील गोविंदराव यांचा पुण्यात फुलांचा व्यवसाय. आई चिमणाबाई लहानपणीच गेल्या. शाळेत घातलं खरं, पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, असं लोकांनी वडिलांच्या मनात भरवलं आणि शाळा सुटली. जोतीराव मळ्यात कामाला लागले. बघा, इथे ना पोलीस होता ना दंड. नुसत्या बोलण्याने एका मुलाची शाळा बंद झाली!

पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. म्हणजे शाळाबाह्य मुलासाठी दोन माणसं पालकाच्या घरी गेली, म्हणून देशाला जोतीराव मिळाले. आपण दर जूनमध्ये दाखलपात्र मुलांसाठी घरोघरी फिरतो ना, तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

शाळा उघडली, घर सुटलं

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना त्यांच्यावर शेण-चिखल फेकला जाई. लोकांचा दाब वाढला तसं गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. शिकवलं म्हणून राहायची जागा गेली. पण शाळा थांबली नाही. पुढे त्यांनी महार-मांग मुलांसाठीही शाळा काढल्या. १८५२ साली विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला.

त्याच सुमारास, १८५४ साली, व्हर्जिनियात मार्गारेट डग्लस नावाच्या गोऱ्या बाईला एक महिना तुरुंगात जावं लागलं. तिचा गुन्हा? काळ्या मुलांना वाचायला शिकवलं. एकीला तुरुंग, एकीला शेणाचे गोळे. काम मात्र दोघींचं एकच.

जोतीरावांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजाची मुलगी होती. वयाच्या चौदाव्या वर्षी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदय पत्रात छापून आला. आपल्या लोकांना हाकलून त्या जागी मोठ्या इमारती उठल्या, हे तिने लिहिलं. पेशवाईत मांग-महाराने वाचणं हा कसा अपराध ठरत होता, तेही लिहिलं. शिकणं आणि राहणं, दोन्ही बंद्या एका शाळकरी मुलीने मांडल्या.

गुलामगिरी आणि त्यानंतर

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं, त्यांना अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा होती. त्याआधी १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. १८७३ मध्येच सत्यशोधक समाज स्थापन झाला.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचं साल १८८२. हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. सारा शेतकऱ्याकडून घेता आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गावर करता, हे त्यांनी सरकारला स्पष्ट सुनावलं. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, हेही सांगितलं. आपल्या पगाराची काळजी तेव्हा कोण करत होतं?

१८८८ साली मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तर डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

आपल्या गावापर्यंत

आता बोरगाव मेघेतून वर्धा किती लांब? तिथे १९२८ साली लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं झालं. तिथेच १९३७ च्या शिक्षण परिषदेने सात वर्षं मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा ठराव केला. जोतीरावांच्या मागणीला तेव्हा पंचावन्न वर्षं झाली होती. कायदा यायला तर २००९ साल उजाडलं.

वर्गात हा पाठ घेताना मुलांकडून वहीत दोन रकाने करून घ्या : कायद्याची बंदी आणि रूढीची बंदी. पहिला रकाना लवकर भरेल. दुसऱ्यासाठी मुलांना घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगा, तुम्ही शाळा का सोडली? पालकहो, उत्तर द्यायला संकोच करू नका. आणि गुरुजनहो, या वर्षी आपल्या वर्गात सतत गैरहजर कोण आहे, हेही हजेरीपट उघडून बघा. त्या घरी जाणारे गफार बेग मुन्शी आता आपणच आहोत.